पाऊण भरेल

सावद्याला, खतांच्या दुकानावरच्या खोलीत
आम्ही अकरा दिवस अवजारं निवडत होतो.

काम तसं एवढंसं:
कुणाच्या मळ्यात किती घड कापायचे,
कुठली गाडी, कुठला काटा, आज भाव काय,
हे मोबाइलवर दिसावं.
आधी नुसता नमुना करायचा,
फेकून देता येईल असा.

पण फेकून द्यायच्या वस्तूलाही
हेमांगी झोपेला पाया पक्का हवा होता.
नवं फ्रेमवर्क घेऊ, ती म्हणायची,
उद्या दहा हजार लोक आले तर?
(त्या दिवशी आमच्याकडे
चहावाला धरून तिघं आले होते.)
मी म्हणायचे, हाताला बसलंय ते घेऊ,
जुनं आहे, बोथट आहे, पण अंधारात सापडतं.
अंधारात सापडतो म्हणून
विळ्यानं कुणी दाढी करत नाही, ती म्हणायची.

मग आम्ही तक्ता केला.
डावीकडे अवजारांची नावं, वर त्यांचे गुण:
शिकायला किती दिवस, चालवायला किती पैसे,
अडलं तर उत्तर द्यायला कुणी जागं आहे का.
तक्त्याला रंग दिले. रंगांवरून भांडलो.
तक्ता कशात करायचा, यातच
एक अख्खी दुपार गेली होती.

बाराव्या दिवशी चारच्या सुमारास वीज गेली
आणि जिन्यात सायबू तडवींच्या चपला वाजल्या.
कापणीच्या टोळीचे मुकादम.
"दाखव बरं," म्हणाले, "काय केलं ते."

दाखवायला तक्ता होता,
तोही काळ्या पडद्याच्या आत.

मी केळीच्या खोक्याचं झाकण फाडलं,
बॉलपेननं चौकट काढली:
वर गाडी, मधे घड, खाली वजन,
आणि एक ठळक बटण, पाठवा.
हेमांगी म्हणाली, हे काय आहे?
म्हटलं, याला वीज लागत नाही.

सायबूभाऊंनी पुठ्ठा मांडीवर घेतला.
मळ्यातून थेट आलेला हात, चीक अजून ओला.
अंगठा टेकवला.
गाडीवर नाही. घडावर नाही. पाठवावर तर नाहीच.
उजव्या कोपऱ्यात,
जिथं मी काहीच काढलं नव्हतं.

"अठी लिव," म्हणाले, "गाडी आलीच नाही."
"म्हणजे?"
"म्हंजे माल कापेल हाये, बांधावर पडेल हाये,
पोरं बसेल हायेत, अन् गाडी नाही.
हे कोठे दाबू?"

अकरा दिवसांच्या तक्त्यात
हा रकाना नव्हता.

काय बोलावं सुचेना, म्हणून विचारलं,
भाऊ, घड कापायची वेळ कळते कशी?
हसले. "पिकल्यावर कापशीन
त दिल्ली राहू दे, भुसावळलेबी पोचनार नाही.
बोटाले धार लागते तवाच कापनं.
पाऊण भरेल. बाकी पाव रस्त्यात भरते."

वीज आली. आधी पंखा सुरू झाला, मग हेमांगी.

रात्री मी माझ्या बोथट अवजारानं
तीन चौकटी केल्या आणि कोपऱ्यातलं ते बटण.
लॉगिन नाही, रंग नाही,
दहा हजार लोकांची सोय नाही.
सकाळी सायबूभाऊंनी ते पाचदा दाबलं,
दोनदा खरं, तीनदा गंमत म्हणून.
हेमांगीला अजून पटलेलं नाही.
पुढच्या वेळी माझं, म्हणते.
मी हो म्हणते. बहुधा मनापासून.

पुठ्ठा खिळ्याला टांगलाय.
बॉलपेनची शाई फिकी पडत चाललीय,
चीक मात्र सदऱ्यातून जात नाही
तर पुठ्ठ्यातून कुठला.
रोज थोडा काळा होत जातो
कोपऱ्यातला अंगठा.